पाच दिवसांत नको गं!

परवा गोलबाजारच्या दत्तमंदिराबाहेर चपला शोधता शोधता तू माझ्या कानाशी आलीस आणि म्हणालीस, "ताई, मी किलिमांजारोला जायचं म्हणतेय. इतक्यात कुणाला बोलू नकोस हं." मी तोंड उघडायच्या आत रिक्षात बसून पळालीससुद्धा. मग रात्री तुझे एकामागून एक निरोप. बूट कुठले घेऊ, पैसे किती लागतील, पाळी आली तर काय करू, घरी कसं सांगू. आणि शेवटचा पावणेबाराला, "तो ज्वालामुखी आहे ना गं? फुटला तर?"

हे वाचलं आणि मला कळलं, ही जाणार. जिला नुसत्या गप्पा मारायच्या असतात, ती पाळीपर्यंत पोचत नाही बघ.

तेव्हा आता कपात चहा ओत आणि निवांत बस. सगळं सांगते, पण माझ्या क्रमाने. तू बुटांपासून सुरुवात केलीस ना? सगळ्या तिथूनच करतात, कारण बूट दुकानात मिळतात. माझी सुरुवात दिवसांपासून.

खरं सांगू का, मी तिथे दोनदा गेलेय. आमच्या बैठकीतला तो फोटो, मी शिखरावरच्या त्या लाकडी पाटीला धरून दात काढून उभी आहे तो, दुसऱ्या वेळचा आहे. पहिल्या वेळचा फोटो कुणी मागत नाही म्हणून मीही दाखवत नाही.

पहिल्या वेळी मी मोठी शहाणी. मारंगूचा रस्ता घेतला, कारण त्या वाटेवर तंबू नाहीत, लाकडी झोपड्या आहेत आणि झोपायला बंक. वाटलं, छान, घरच्यासारखं. त्यात दोन बेत होते, पाच दिवसांचा आणि सहा दिवसांचा. सहा दिवसांच्या बेतात एक अख्खा दिवस एकाच ठिकाणी मुक्काम. मी म्हटलं, आफ्रिकेत जाऊन एक दिवस नुसतं बसायचं आणि वर त्याचे डॉलर मोजायचे? इतकी कसली विश्रांती? पैसे वाचले, रजा वाचली, मी खूश. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट उकळल्यासारखा आनंद झाला मला.

आता आकडे ऐक. आपलं जबलपूर साधारण ४१० मीटर उंचीवर. पहिली रात्र मंडारा, २७०० मीटरच्या आसपास. दुसरी होरोम्बो, ३७००. तिसरी किबो हट, ४७००. रोज हजार मीटर वर, आणि तिसऱ्या रात्री झोपायचं नाहीच, मध्यरात्री उठून आणखी ११०० मीटरहून जास्त चढायचं. पहिले दोन दिवस मी सगळ्यांच्या पुढे. गाईड मागून सारखा म्हणतोय, "पोले पोले," म्हणजे हळूहळू. मला वाटलं, मागच्या थुलथुलीत मंडळींना सांगतोय. मी आपली घरात सकाळी सात वाजता तीन डबे, गॅसवर कुकर आणि कानाला फोन अशा वेगाने चाललेली.

किबो हटला पोचले तेव्हा डोकं असं ठणकत होतं, की शेजारच्या बंकवर कुणी चमचा ठेवला तरी कवटीत घण पडावा. समोर सूप. मला त्याच्याकडे बघवेना. रात्री बाराला निघालो, आणि हान्स मायर गुहा म्हणून एक जागा आहे, साधारण ५१५० मीटरवर, तिथे मी स्वतःच्याच बुटांवर उलटी केली. गाईडने टॉर्च खाली धरला आणि मला सांगितलं, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावून सरळ रेषेत चालून दाखव. मला वाटलं, हा चेष्टा करतोय. दुसऱ्याच पावलाला तोल गेला. त्याने वाद घातला नाही, माझा दंड धरला आणि तोंड खालच्या दिशेला केलं. मी रडत उतरले. होरोम्बोला येईपर्यंत डोकं शांत आणि पोटात कडकडून भूक. त्याच शरीराला हजार मीटर खाली आणलं तर ते सुतासारखं सरळ!

तर बघ, हे फुप्फुसाच्या ताकदीचं काम नाही. हे विरजणाचं काम आहे. दूध किती उत्तम आहे याला काही अर्थ नाही, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि सारखं भांडं हलवलं तर ते लागत नाही. शिखरावर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. शरीर त्याची तजवीज करतं, श्वास वाढवतं, रक्तात फेरफार करतं, पण त्याला रात्री लागतात. डॉक्टरांचा साधा दंडक आहे, ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरच्या वर वाढवू नये. माझ्या पाच दिवसांच्या बेतात तो दंडक रोज दुपटीने मोडला होता. आणि जो दिवस मी नुसतं बसायचं म्हणून वाचवला, तोच खरा चढाईचा दिवस होता.

म्हणून तुला त्या ट्रेकिंग कंपनीने जो स्वस्तातला पाच दिवसांचा कागद पाठवलाय ना, तो बाजूला ठेव. स्वस्त का असतो तेही समजून घे. तिथे राष्ट्रीय उद्यानाची फी दिवसाच्या हिशोबाने भरावी लागते, आणि ती चांगलीच दणदणीत आहे. दिवस कापला की किंमत धाडकन उतरते. कागदावर ती सवलत दिसते. तू लेमोशोचा आठ दिवसांचा रस्ता घे, किंवा माचामेचा सात दिवसांचा. झोपड्यांचाच मोह असेल तर मारंगू सहा दिवसांचा, होरोम्बोला दोन रात्री, त्याच्या खाली एक दिवसही नाही. लेमोशो आणि माचामे दोन्हीकडे एक दिवस छान आहे. सकाळी लाव्हा टॉवर नावाच्या काळ्या सुळक्यापाशी ४६०० मीटरपर्यंत चढायचं, तिथे जेवायचं, आणि झोपायला बरांकोला ३९०० वर खाली यायचं. उंचावर तोंड दाखवून खाली झोपायचं. तुला वाटेल, एवढं चढून परत उतरायचं? हो. कुरकुर न करता उतर.

बुटात काटकसर कर, जॅकेट भाड्याने घे, विमानप्रवासात एक थांबा जास्त पडू दे, पण दिवसांत हात आखडू नकोस. माझं एवढं एक ऐक, बाकी कशावर हवं तेवढं भांड माझ्याशी.

आता तुझा पावणेबाराचा प्रश्न. किलिमांजारो म्हणजे एक डोंगर नाही, तीन ज्वालामुखी एकमेकांना चिकटलेले आहेत. शिरा, मावेन्झी आणि किबो. शिरा आणि मावेन्झी कायमचे विझलेले. किबो मात्र झोपलेला. त्याच्याच काठावर ते ५८९५ मीटरचं उहुरू शिखर. आतल्या विवरातून अजून गंधकाचे वाफारे निघतात, पण त्याचा शेवटचा मोठा उद्रेक होऊन दीड-दोन लाख वर्षं झाली. तू सहा-आठ दिवस त्याच्या अंगावरून हळूच चालून येणार, तेवढ्याने त्याची झोप मोडत नाही. खरं सांगू का, मला तर हसूच आलं. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपाने आपलं अख्खं जबलपूर झोपेतून उठून अंगणात आलं होतं, आणि नंतर आपण परत त्याच घरांत जाऊन झोपलो. इथे राहणारीने ज्वालामुखीला काय घाबरायचं!

आणि लाव्हाशी तुझी ओळख नाही असं समजू नकोस. गन कॅरेज फॅक्टरीकडची ती बडा सिमला टेकडी आहे ना, तिच्या डोक्यावर दख्खनच्या लाव्हाचा थर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खालच्या थरांत १८२८ साली स्लीमनला, म्हणजे ठगांना संपवणारा तो स्लीमन, मोठमोठी हाडं सापडली. पुढे १८७७ मध्ये त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव मिळालं. पाटबाबाच्या देवळाच्या बाजूला तर डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म मिळालेत. आपण तिथे नारळ फोडायला जातो आणि पायाखाली काय आहे ते बघत नाही. तुझ्या आजीचा तो पाटा-वरवंटा, महाराष्ट्रातून येताना बैलगाडीत घालून आणलेला म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगता, तो काळा दगडही लाव्हाच बाई. त्यावर तुझ्या तीन पिढ्यांनी चटण्या वाटल्यात. फरक एवढाच, की आपला लाव्हा जमिनीच्या भेगांतून पातळ डोशासारखा पसरला, आणि किलिमांजारोवर तो एका जागी साठून उंच झाला.

तयारीचं म्हणशील तर जबलपूरला डोंगर नाहीत ही सबब माझ्यापाशी चालणार नाही. मदनमहालच्या टेकड्या आहेत. शारदादेवीच्या देवळापासून किल्ल्यापर्यंत चढ, उतर, परत चढ. तो लाव्हा नाही, ग्रॅनाइट आहे, पण गुडघ्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या शंभरावर पायऱ्या आहेत, तिथे पाच-सहा फेऱ्या मार. लोक बघतील. बघू देत. मला एका बाईने विचारलं होतं, "कोई मन्नत है क्या?" मी हो म्हटलं.

पाठीवर वजन घेऊन चाल. पण माझ्यासारखं करू नकोस. मी पाच किलो कणकेची पिशवी सॅकमध्ये टाकली आणि मदनमहालला गेले. पिशवी आत फाटली. खाली येईपर्यंत पाठीवरून पांढरी रेघ, आणि मागे माकडांची वरात! पाण्याच्या बाटल्या घे. गुडघे दुखायला लागले तर पाणी ओतून देता येतं.

दोन-तीन महिने झाले की पचमढीला जा, पिपरियापर्यंत गाडी आहेच. चौरागढच्या तेराशेच्या वर पायऱ्या चढ. महाशिवरात्रीला विदर्भातून माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथे येतात. कधी बघितलंस त्यांना? पायात साध्या चपला, पण लय मोडत नाही. त्याच्याही पुढे, पैसे आणि रजा जमली तर हिमालयात एखादा साडेतीन हजार मीटरच्या आसपासचा ट्रेक करून ये, संदकफूसारखा. तुझं शरीर उंचीवर कसं वागतं ते तिथे कळेल. काहींना त्रास होतो, काहींना होत नाही. त्यात धट्टेकट्टेपणाचा काही संबंध नाही, माझ्याबरोबरचा मॅरेथॉन पळणारा मुलगा माझ्याआधी परत फिरला होता.

आणि चालायचं कसं, ते मी शिकले आपल्या ग्वारीघाटावर. पहिल्या वेळी हरून आल्यावर संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे, तोंड पाडून. एक दिवस नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या एक आजी आल्या. सत्तरीच्या तरी असतील. पांढरं लुगडं, काखेत झोळी, हातात काठी. घाटाच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला काठी आधी, मग पाय, मग एक थांबा. इतका बारीक थांबा, की नीट बघितलं नाही तर कळणार नाही. आणि त्या थांब्यात ओठ हलायचे, "नर्मदे हर." तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस चालायची जुनी रीत आहे ती. त्यांना घाई कसली? मी त्यांच्या मागे मागे चालून बघितलं. मला जमेना गं! सारखी त्यांच्या टाचांवर चढायला लागले. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मला दम कमवायचा नाहीये, मला ही घाई काढून टाकायचीये. मग दोन महिने रोज सकाळी तेच. "नर्मदे" म्हणताना श्वास आत आणि पाय पुढे, "हर" म्हणताना श्वास बाहेर आणि क्षणभर मागच्या पायावर भार. घरचे म्हणाले, हिचा गुडघा गेला वाटतं.

दुसऱ्या वेळी बराफू कँपवरून मध्यरात्री निघालो, साधारण ४६७० मीटरवरून, तेव्हा हेच चाललं. बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ. ऐकूनच ओळखीचा वाटतो ना शब्द? त्यांची गाडी म्हणजे गारी, दुकान म्हणजे दुका, आणि चहाला चाय. मला तर वाटलं, मावशीच्या गावाला आलेय. अंधारात वर बघितलं तर डोक्यावरच्या टॉर्चची रांग, दिंडी निघाल्यासारखी. पायाखाली राख आणि खडी, आपले ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो. रात्री तो गोठून घट्ट असतो, म्हणून तर मध्यरात्री निघतात. ऊन चढलं की दोन पावलं वर, एक पाऊल खाली. पाच तासांत मी कुणालाही मागे टाकलं नाही. मात्र मला मागे टाकून गेलेले दोघं-तिघं वाटेत दगडावर बसलेले दिसले. स्टेला पॉइंटला, ५७५६ वर, विवराच्या काठाशी पोचलो तेव्हा मावेन्झीच्या मागून तांबडं फुटत होतं. तिथून उहुरू अजून पाऊण-एक तास. डाव्या हाताला बर्फाच्या भिंती, निळसर. १९१२ पासून त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेलंय. जायचंच असेल तर फार वर्षं लांबवू नकोस, हे त्यासाठीही सांगते.

आता भराभर बाकीचं, नाहीतर माझी भाजी लागेल.

जानेवारी ते मार्चची सुरुवात, नाहीतर जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मे तिथला मोठा पाऊस, तेव्हा नको. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाता येतं. पीतज्वराच्या लशीचं आत्ताच विचारून ठेव. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि तिचा दाखला टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. विम्यात ६००० मीटरपर्यंतची चढाई लिहिलेली आहे का ते बघ, साध्या प्रवासविम्यात ती नसते.

डॉक्टरकडे जा आणि आधी हिमोग्लोबिन तपास. आपण बायका घरातल्या सगळ्यांची तपासणी करतो, आणि स्वतःचं नऊवर आलेलं असतं तरी चालत राहतो. कमी असेल तर भरून काढायला महिने लागतात, म्हणून आत्ता. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं त्यांनाच विचार, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांग. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नकोस. पण डोकेदुखी लपवू नकोस. आपल्याला सवय असते, डोकं दुखत असताना पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायची. तिथे ती सवय जिवावर बेतते. बसल्याजागी धाप लागली, चालताना झोकांडी गेली, तर शिखर दहा पावलांवर असलं तरी खाली.

पाळी येईलच असं धर. उंचीवर तारखा बिघडतात, माझी आठ दिवस आधी आली. भरपूर सामान ने, वापरलेलं परत आणायला जाड अपारदर्शक पिशवी ने, आणि कंपनीला आधीच स्पष्ट विचार की छोटा टॉयलेट-तंबू बरोबर असतो का. विचारायला लाजू नकोस, पैसे तू देणार आहेस. गोळ्या घेऊन पाळी लांबवायची असेल तर मनाने नको. उंचीवर रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न असतो, डॉक्टरच सांगतील.

आणि पिशव्या! टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगना बंदी आहे. आपण तर मोजेसुद्धा साडीच्या दुकानाच्या पिशवीत भरतो. मी जुन्या सुती साडीच्या बारा पिशव्या शिवल्या, नाडीच्या. लाल काठाची मोज्यांची, हिरवी खाऊची. रात्री अंधारात हाताला काठ लागला की कळायचं काय आहे ते. तुला हव्या तर माझ्याकडे आहेत.

खाऊत मेतकूट ने, ते विसरू नकोस. चौथ्या दिवशी तोंडाची चव जाते, तेव्हा त्यांच्या गरम भातावर मेतकूट आणि चिमूटभर मीठ, बाकी पंचपक्वान्नं झक मारतात. आलेपाकाच्या वड्या खिशात. डिंकाचे लाडू मी नेले होते, थंडीत असे टणक झाले की आमच्या हमालाने एक दगडावर फोडला! शेंगदाण्याची चिक्की मात्र छान राहते. पाणी रोज तीन-चार लिटर. शेवटच्या रात्री ती नळीवाली पिशवी नको, नळीत बर्फ होतो. बाटली उलटी ठेव, बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे तोंड मोकळं राहतं. टॉर्चचे सेल आणि मोबाइल झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी.

मोठी बॅग १५ किलोच्या आत ठेव, कारण ती दुसऱ्याच्या डोक्यावरून जाणार आहे. एका माणसामागे तीन-चार जण राबतात तिथे. त्यांना मजुरी नीट मिळते का, राहायला चांगला तंबू असतो का, हे कंपनीला विचार. शेवटच्या बक्षिसीचे पैसे पहिल्या दिवशीच वेगळे काढून ठेव, पायथ्याच्या मोशी गावाच्या बाजारात खर्च करून टाकू नकोस. जाड जॅकेट, काठ्या, स्लीपिंग बॅग मोशीत भाड्याने मिळतात. बूट मात्र स्वतःचे, आणि विमानात पायात घालूनच चढ. बॅग हरवली तर बाकी सगळं उसनं मिळेल, तुझ्या पायाला बसलेला बूट मिळणार नाही. शिखरावरून त्याच दिवशी खाली तीन हजार मीटरपर्यंत उतरायचं असतं. निघायच्या आधी पायाची नखं बारीक काप, नाहीतर माझ्यासारखी दोन काळी होऊन गळतील. गावाकडच्या लग्नात उघड्या चपलेत ती कशी लपवली ते माझं मला माहीत.

घरी कसं सांगायचं? माझ्यासारखं नाही. मी सासूबाईंना "सहलीला चाललेय" एवढंच सांगितलं होतं. मग एक दिवस मोठी लाल स्लीपिंग बॅग गच्चीत वाळत टाकली, त्यांनी ती बघितली आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून कुठल्या सहलीला चाललीय, देव जाणे, गोधडीला चेन आहे." सगळं उघडं पडलं. चिडल्या नाहीत गं. त्यांचा एकच प्रश्न, "एकटी आहेस का?" गाईडशिवाय तो डोंगर चढूच देत नाहीत म्हटल्यावर शांत झाल्या. तू सरळ सांग. नकाशा काढ, तारखा लिही, कुठल्या दिवशी फोन लागेल आणि कुठल्या दिवशी नाही ते लिही, आणि कागद फ्रिजवर लाव. घरच्यांना उंचीची भीती नसते, फोन न लागण्याची असते. आणि कुणी म्हणालंच की आपल्याकडच्या बायकांचं हे काम नाही, तर त्यांना सांग, छिंदवाड्यातल्या तामियाची भावना डेहरिया २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर गेली आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत किलिमांजारोवर. आपल्या घरी फराळ चालला होता तेव्हा.

बरं, माझी भाजी खरंच लागली.

रविवारी पहाटे साडेपाचला शारदादेवीच्या पायऱ्यांशी ये. चहाचा थर्मास मी आणते. तू त्या कंपनीला आजच लिही, आठ दिवसांचा कागद पाठवा म्हणून, आणि त्यांचं उत्तर मला दाखव. नवे बूट घालून ये, खोक्यातून घेऊन येऊ नकोस. आणि माझ्या पुढे चाललीस तर मागून ओढणी धरीन.